मिठाच्या पाण्यातल्या तंगड्या

"हॅलो? … हॅलो, कोण बोलतंय? … अगंबाई, लक्ष्मीताई! बोला ना."

मोबाईलवर नाव दिसलं होतं. तरीही नीरजाबाईंनी 'कोण' म्हणून विचारलं. विहिणीला एवढं तरी वाटलं पाहिजे, की आपला फोन म्हणजे काही कोणी वाट बघत बसलेलं नसतं.

"… हो, हो, मीच. हिमानी झोपलीय आतल्या खोलीत. … नाही, नाही उठवत तिला. काय असेल ते मलाच सांगा की. … तंगड्या? मिळाल्या ना! काल संध्याकाळीच सार्थकराव देऊन गेले. बर्फाच्या डब्यात. … चार, हो, चारच. … शिजतायत ना. आवडाबाई करतेय."

बीड बायपासच्या नव्या सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत, वाळत टाकलेल्या दोन साड्यांच्या आड छोटी गॅसची शेगडी पेटलेली होती. तिच्यावर कालच आणलेलं कोरं पातेलं. घरातल्या भांड्यांत ते कधीच मिसळायचं नव्हतं. आणि त्या पातेल्यात टर्कीच्या चार तंगड्या. ज्या बाईनं एक्कावन्न वर्षांत अंड्याचं टरफलसुद्धा घरात येऊ दिलं नव्हतं, ती मोबाईल खांद्यानं कानाशी दाबून, मसाल्यानं बरबटलेल्या हातात झारा घेऊन उभी होती.

"… आवडाबाई हो. आमची धुणंभांडीवाली. … हो, तीच, डोहाळजेवणाला होती ती. … माळ? तिच्या गळ्यात? … तुळशीची? … असेल बाई. माझं लक्ष नाही. … अच्छा. माळकरी आहे म्हणजे. शिवत पण नसेल म्हणता."

झारा पातेल्याच्या काठावर एकदा वाजला.

"… बरं, मी. … मीच करतेय, विहीणबाई. झालं समाधान? … हसा, हसून घ्या. … हसत नाही, मग हा आवाज कसला येतोय? … टर्क्यांचा? … एवढ्या मोठ्यानं ओरडतात? … बरं, टर्क्याच असतील."

टर्क्यांचं खरं असू शकत होतं. लक्ष्मीबाईंची फर्दापूरला, लेण्यांच्या वाटेवर, खानावळ होती आणि मागं गोठा. सलग दोन वर्षं पाऊस झाला नाही, कडबा सोन्याच्या भावाला गेला, तेव्हा त्यांनी म्हशी विकल्या आणि रिकाम्या गोठ्यात टर्क्या, कोंबडीहून थोराड विलायती पक्षी, पाळल्या. त्यांच्या सार्थकशी हिमानीनं दोन वर्षांपूर्वी लग्न केलं. तोवर समोरच्या बाकावर कोणी ऑम्लेट खाल्लं की हिमानी बाक बदलायची. आता सातवा सरून आठवडा झाला होता, आणि पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली होती. आली ती आठ दिवस ताटात नुसती बोटं फिरवत बसली. शुक्रवारी दवाखान्यात वजनाचा काटा जागचा हलला नाही. डॉक्टरीणबाई रागावल्या. घरी आल्यावर हिमानीनं सार्थकला फोन लावला, आणि स्वयंपाकघरात नीरजाबाईंनी शब्द न् शब्द ऐकला. 'मला फर्दापूरला घेऊन जा. आईंच्या हातची तंगडी मिळाली तर जेवीन मी.'

आज रविवार. चार वाजता सार्थक तिला न्यायला गाडी घेऊन येणार होता.

"… मीच म्हटलं होतं तुम्हाला, शिजवलेलं पाठवू नका, कच्च्याच पाठवा. … का म्हणजे? ताजं गरम खाईल म्हणून. … दुसरं काय कारण असणार?"

दुसरं कारण होतं. हिमानीला सांगितलं होतं, फर्दापूरहून डबा आलाय, मी नुसता गॅलरीत गरम करते. म्हणजे बिघडलंच काही, तर ते विहिणीच्या हातचं. हा विचार नीरजाबाईंना रात्री पोळ्या लाटताना सुचला होता, आणि स्वतःचीच थोडी लाज वाटूनही त्यांनी तो सोडला नव्हता.

"… आठला चढवलंय. साडेदहा होत आले ना? … सुरी घालून बघितली. हाडापासून सुटतंय आता. … शिरा? … त्या पांढऱ्या, विणायच्या सुयांसारख्या? काढल्या. आधी मला वाटलं हाडंच आहेत. … पकडीनं! ह्यांच्या हत्यारांच्या पेटीतली पक्कड. … हे? हे गुलमंडीला गेलेत, चपलेचा अंगठा शिवून आणायला. सकाळी साडेसातला गेलेत. कुठला चांभार उघडा असतो हो साडेसातला? 'मी काही बघितलं नाही' एवढंच म्हणाले जाताना."

"… मसाला? आपला, घरचा. … गोडा. … हो, गोडा मसाला. … आता मात्र ह्या टर्क्या नाहीत, लक्ष्मीताई, आता तुम्हीच हसताय. … आलं-लसूण घातलंय की. तिखट घातलंय. खोबरं भाजून घातलंय. … आणि … काही नाही. … काही नाही म्हटलं ना. … गूळ. … सुपारीएवढा. … अहो, हात गेला! तीस वर्षं फोडणी पडली की हात आपला आपण गुळाच्या डब्याकडं जातो, त्याला काय माहीत आत तुरीची डाळ आहे का टर्की! … बरं, बरं, आता काय काढता येतोय का तो?"

पलीकडून बराच वेळ काहीतरी सांगणं चाललं. नीरजाबाई 'हो, हो' करत राहिल्या. हिमानीच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आत पंखा फिरत होता. कूलर होता, पण त्यात ओतायला पाणी कुठलं?

"… मीठ? वेगळं नाही घातलं मी. … चाखून बघू? … अहो, मी कशी चाखणार? … तसं नाही, तुम्हाला नावं नाही ठेवत. पण नाही होणार माझ्याच्यानं. … न चाखता कसं म्हणजे? नैवेद्याला चाखते का मी? देवाच्या आधी जिभेला लावायचं नाही, हे सासूबाईंनी पहिल्या दिवशी सांगितलं. तीस वर्षं पुरण, मोदक, पंचामृत, सगळं नुसत्या वासावर केलंय. कधी तक्रार नाही आली. … हो, देव बोलत नाही, तुमची सून बोलते, मान्य. … सून तुमची असली तरी मुलगी माझी आहे, तेवढं लक्षात असू द्या."

शेवटचं वाक्य जरा जोरात गेलं. साडीच्या आडून समोरच्या गॅलरीतल्या बाईनं मान वर केली. नीरजाबाईंनी पातेल्यावर झाकण ठेवलं.

"… पाणी? कसलं पाणी? … रात्रीचं. मिठाचं. हो, सार्थकरावांनी सांगितलं तसं, रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवल्या. … दोन मुठी मीठ, चार तांबे पाणी. … मग? … टाकायचं होतं? … कधी? … सगळं?"

पलीकडून नुसत्या टर्क्या.

"… ते म्हणाले, 'पाण्यात ठेवा.' 'मग टाका' असं नाही म्हणाले. … लक्ष्मीताई, अहो ऐका ना. आमच्या इथं चौथ्या दिवशी टँकर येतो. एका घराला दोन पिंपं. तांदूळ धुतलेलं मी तुळशीला घालते, भाज्या धुतलेल्यानं फरशी पुसते, आणि चार तांबे स्वच्छ पाणी मोरीत ओतीन होय? … त्यातच शिजवलं. … हो. त्यातच. … बोला ना काहीतरी. … 'लई खारट' म्हणजे किती? … तोंडात धरवणार नाही इतकं?"

त्यांनी झाकण उचलून वास घेतला. खोबऱ्याचा होता, लसणाचा होता, गुळाचाही जरासा. मिठाला कुठं वास असतो? तीस वर्षांत पहिल्यांदा नाकानं त्यांना दगा दिला.

"… काय? … तुम्ही येता? … नको! … डबा घेऊन? दुपारच्या एसटीनं? नको, नको, शंभर किलोमीटर, हे असं ऊन. … तुम्हाला त्रास नाही, ते माहितेय मला. … नका येऊ म्हणते ना! … कारण तुम्ही डबा घेऊन आलात की ती पोटभर जेवेल. आणि जेवली की चारच्या गाडीत बसून तुमच्याबरोबर निघेल. … म्हणून. … झालं, सांगितलं. आता काय करायचं तेवढं सांगा. फोनवर सांगा, मी करते."

"… सगळं ओतून देऊ? मसाल्यासकट? … बरं. … तंगड्या बाहेर काढून. … नवीन पाणी, वीस मिनिटं उकळी. … आणि कणकेचे गोळे? त्यानं मीठ ओढतं? … हो, आमटीला करतो आम्ही पण तसं. … थांबा, फोन खाली ठेवते. ठेवते म्हणजे कट्ट्यावर ठेवते, तुम्ही ठेवू नका हं. … कट करू नका!"

दोन तासांचा मसाला नीरजाबाईंनी संडासातल्या बादलीत ओतला. मोरीत ओतायला हात काही धजला नाही. मग त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि माठ कलंडवून त्यातलं प्यायचं पाणी तळासकट पातेल्यात रिकामं केलं. टँकर साडेअकराला यायचा होता. तोवर घरात घोटभरही पाणी राहिलं नाही. कणकेचे चार गोळे वळले, सोडले, परत थोडं तिखट, थोडं खोबरं. गोड्या मसाल्याच्या डब्यावर हात थांबला. मग घातलाच चमचाभर. आणि गूळही. का, ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

"… हॅलो? आहात ना? … केलं. चढवलंय. … हो, बसते. स्टूल आहे. … नाही, चिडले कुठं? … मला काय झालंय? काही नाही. … अहो, काही नाही म्हटलं ना."

उकळी यायला वेळ होता. एरवी अशा वेळी नीरजाबाईंनी हवापाणी विचारलं असतं. पण हवापाण्याचं बोलावं असं काही राहिलंच नव्हतं.

"… बरं, ऐका. गुरुवारी तिचा मोबाईल इथं चार्जिंगला होता. तुमचा फोन आला. नाव आलं, 'आई'. नुसतं 'आई'. मला वाटलं, मी तर इथं उभी आहे, मग हा फोन कोण करतंय? … मग तुमचा बंद झाल्यावर मी माझ्या मोबाईलवरून रिंग दिली. … हो, दिली. बघायला. … काय आलं असेल? 'आई माहेर'. … 'आई माहेर', लक्ष्मीताई. 'गॅसवाला बायपास' असतं ना, तसं. … हसू नका. मी रात्रभर झोपले नाही. … कुणाचा? … सार्थकरावांचा? त्यांचा जुना मोबाईल आहे होय तो? … म्हणजे नंबर सगळे त्यांनी फीड केलेले. … म्हणजे ती 'आई' त्यांची आई. … अच्छा. … अच्छा, असं आहे होय."

पातेल्यातून पहिला बुडबुडा आला. नीरजाबाई त्याच्याकडं बघत राहिल्या.

"… पण मग दोन वर्षांत तिनं बदललं का नाही?"

नीरजाबाईंनी झाऱ्यानं कणकेचा एक गोळा उगाच खाली दाबला.

"… नाही, तुमचा दोष नाही. तोच तर त्रास आहे. तुमचा काही दोष असता तर किती बरं झालं असतं! दोन वर्षं शोधतेय मी. छळतात म्हणावं, तर तिचं वजन सहा किलोनं वाढवलंत. कामाला लावतात म्हणावं, तर ती म्हणते, 'आई मला चुलीपाशी बसू देत नाहीत, धूर लागेल म्हणतात.' बाळानं पहिली लाथ मारली ती तुम्हाला कळली. मला चार दिवसांनी. … हो, रेंज नव्हती. चार दिवस? … असेल बाई, फर्दापूरला नसेल रेंज."

"… काय? … मेतकुटाची बरणी? हो, मीच दिली होती. संक्रांतीला. … संपली असेल आता. … उशाशी? … खात नाही? मग काय करते तिचं? … वास घेते?"

नीरजाबाईंनी गॅस जरा कमी केला. मग उगाच परत वाढवला.

"… रोज? … सकाळी उलट्या व्हायच्या तेव्हा. … मला नाही बोलली कधी. … मग इथं तर दोन बरण्या भरलेल्या आहेत, मी रोज भातावर घालते, तर बाजूला सारते! … हं. … म्हणजे जिथं असेल तिथलं नको, नसेल तिथलं पाहिजे. … लहानपणापासून अशीच आहे. मामाकडं गेली की माझ्या हातची पोळी, घरी आली की मामीची. … त्या मामीवर पण मी जळायचे, खरं सांगू का. … हो, तुमच्याइतकी नाही."

हे बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. पण पलीकडून बहुतेक कोणी रागावलं नव्हतं, कारण त्या लगेच म्हणाल्या,

"… आला. वास आला. … कसा म्हणजे? आता … लसूण पुढं, खोबरं मागं. शेवटी गोडसर. … हो, परत घातला. … मला माहीत होतं तुम्ही ओरडणार. … गोळे काढले. फुगलेत चांगले. … चाखू? … लक्ष्मीताई, मी सांगितलं ना … बरं, एक थेंब. बोटावर. तुम्ही म्हणता म्हणून. कुणाला सांगायचं नाही. व्याह्यांना पण नाही. … शपथ घ्या. … थांबा!"

बोट ओठांपर्यंत गेलं होतं, तेवढ्यात गॅलरीचं दार वाजलं. केस विस्कटलेले, एक हात कंबरेवर, दुसरा दाराच्या चौकटीला, अशी हिमानी उभी होती. नाक पुढं, डोळे अर्धे मिटलेले. नीरजाबाईंनी बोट मुठीत मिटून घेतलं.

"फर्दापूरचा डबा ना?" हिमानी म्हणाली. "झाला गरम? दे आधी."

"… उठली. … वासानं. … तुम्ही बोलू नका, नुसतं ऐका."

हिमानी उंबऱ्यावरच बसली. ताटलीत एक तंगडी, वर रस्सा, बाजूला पोळी. पोळीकडं तिनं बघितलंच नाही. दोन्ही हातांनी तंगडी धरली आणि दात लावले. नीरजाबाईंनी मोबाईल कानाशी इतका दाबला की कान दुखायला लागला. चार वाजायला साडेचार तास होते, आणि सगळं त्या एका घासात होतं.

हिमानीनं घास गिळला. बोट चाटलं. मग मान वर न करता म्हणाली,

"आईंना सांग, या वेळी मीठ पुढं गेलंय."

"… ऐकलंत? … हो, तुम्हालाच म्हणाली. … काय? … माझंच आहे म्हणून सांगा, म्हणता? … तुमच्या नावावर?"

म्हणजे रात्री पोळ्या लाटताना जे योजलं होतं, अगदी तसंच झालं होतं. बिघडलं, आणि विहिणीच्या हातून बिघडलं. विहीण स्वतःहून ते अंगावर घेत होती. नीरजाबाईंनी फक्त गप्प राहायचं होतं. पण मीठ विहिणीला दिलं असतं, तर खोबरंही द्यावं लागलं असतं. पकडीनं ओढलेल्या शिरा, माठाच्या तळाचं पाणी, सुपारीएवढा गूळ, सगळंच फर्दापूरला गेलं असतं.

"… नाही. … नाही हो, लक्ष्मीताई. तुम्ही मध्ये पडू नका. मीठ माझं आहे. … हिमे, इकडं बघ. डबाबिबा काही आला नव्हता. मी केलंय ते. … मी. … सकाळी आठपासून. मिठाचं पाणी टाकायचं असतं, मी नाही टाकलं, त्यातच शिजवलं. म्हणून खारट आहे. … त्यांच्या हातनं कधी होईल का असं? माझ्याच हातनं होणार."

हिमानीनं आईकडं बघितलं. मग पातेल्याकडं, पकडीकडं, साड्यांच्या पडद्याकडं. तंगडी हातात तशीच. म्हणाली,

"गूळ घातलायस?"

नीरजाबाईंनी मान हलवली.

हिमानीनं परत दात लावले. आता ती सावकाश खात होती. हाड पांढरं स्वच्छ झालं तेव्हा तिनं रिकामी ताटली पुढं केली. "दुसरी दे. आणि पुढच्या रविवारी मीठ मी बघते. तू नुसता गूळ घाल."

"… हॅलो? … हॅलो, लक्ष्मीताई? … ऐकलंत ना? पुढच्या रविवारी म्हणाली. … हो, इथं. … रडताय? … मग हा आवाज कसला? … टर्क्या. बरं. टर्क्याच."

नीरजाबाईंनी पदरानं नाक पुसलं.

"… ऐका ना. सार्थकरावांना म्हणावं, चारला जरूर या, जेवूनच जा. पण गाडी रिकामी न्यायचीय परत. … आणि येताना आणखी चार. बर्फात. … शिरा काढू नका, जमतं मला आता. … तुम्ही? … तुम्ही पण या की, तुमच्याच हातनं करून घाला तिला. … आज नाही! आज नका येऊ. … आजचा दिवस राहू द्या माझ्याकडं. … हो. पुढच्या रविवारी या."

खाली भोंगा वाजला. जिन्यात एकदम हंडे खणखणायला लागले.

"… टँकर आला! घरात थेंब नाही, पळते मी. … काय? … बोटावरचं? … आहे ना, तसंच आहे अजून. … आता काय, नैवेद्य तर दाखवून झाला. … बघते. … इथं नाही हो, ही बघतेय! खाली जाताना, जिन्यात. … सांगते, सांगते काय ते. ठेवते!"